घराचं नाक

इकालुलिक,
८ मार्च, शुक्रवार

प्रिय तुलिमाक,

कसा आहेस? ओटावात आता थंडी ओसरू लागली असेल. इकडे उत्तरेत हिवाळाभर बुडालेला सूर्य परत येऊन महिना उलटला, तरी पारा उणे तेहतीसवर ठाण मांडून बसलाय.

आम्ही सगळे ठीक. माझी नौया साडेसात वर्षांची झाली. तिचे पुढचे दोन दात पडलेत आणि त्या खिडकीतून ती दिवसभर शिट्टी वाजवते. आईचा खोकला आहे तसाच आहे. शेजारच्या इत्तुलूकाकाची कुत्री व्याली, सहा पिल्लं झाली, आणि सहाही त्याच्यासारखीच आळशी निघाली. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपण दोघं हवेपाण्याचं बोलून ठेवून देतो.

पत्राच्या माथ्यावर तुझं नाव पाहून तुला खटकेल. तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी तुला आजी म्हणत आले. आज तो शब्द लिहायला हात धजला नाही. का ते पुढे लिहीन, जमलं तर.

बातमी अशी की मी तुझ्याच धंद्यात पडलेय. हसू नकोस. गावाच्या घरसमितीने मला कामावर घेतलंय. घरं तपासायची, फटी बुजवायच्या, भिंतीत जाड लोकर भरायची, म्हणजे कमी डिझेलमध्ये घर ऊबदार राहील. शिकवायला दक्षिणेतून रोवन नावाचा एक लांबलचक माणूस आलाय. तो दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतो, की जिथे फट असेल तिथून गार वारा आत घुसतो. गाव त्याला पंखेवाला म्हणतं.

बावीस घरांचं सामान उन्हाळ्याच्या जहाजाने आलं ते दुकानामागे बर्फाखाली पडून आहे. लोक पंखा लावू देतात, चहा पाजतात, पुठ्ठ्यावर गोठलेला मासा कापून खाऊ घालतात, आणि काम सुरू करू का विचारलं की म्हणतात, "आधी तुझ्या आईचं कर, मग बघू." आणि आई म्हणते, "बंदिस्त घर एकदा पाहिलंय. पुरे झालं." पंचवीस तारखेच्या आत दहा घरांनी होकार दिला नाही, तर सामान पुढच्या गावाला जाणार. मग नौयाच्या वर्गातली पोरं आणखी एक हिवाळा अंगात कोट घालून जेवणार.

परवा मात्र आईने पंखा लावू दिला. नुसता पंखा, बाकी कशाला हात लावायचा नाही. रोवन फटी शोधायला धुराची नळी काढत होता, तर आई म्हणाली, "ठेव तुझा धूर," आणि तिने उशीतून बदकाचं एक पीस काढलं. ते घेऊन ती भिंतीभिंतीने फिरली. खिडकीपाशी पीस उडालं, दारापाशी उडालं, न्हाणीघरात तर हातातून सुटलं. मी दुभाषी म्हणून मागे मागे होते.

"बर्फाच्या घरालाही वर नाक असायचं," ती रोवनला सांगत होती. "हवा जायचं भोक. रात्री ऊबेला लावलेला चरबीचा दिवा बारीक केला की नाकात हातमोजा कोंबायचा, सकाळी दिवा मोठा करायच्या आधी काढायचा. माझी आई कधी विसरली नाही."

"आई आहे का तुमची अजून?" रोवनने आपलं सहज विचारलं.

"आहे की. ओटावात असते. भेटलीच तर सांग, वेळेवर जेवत जा म्हणावं."

बिचारा बोटांवर वयं मोजत बसला. शेवटी मीच सांगितलं, की तिच्या आईचं वय एकोणतीस आहे, तिला दाढी आहे आणि ती सुतारकाम करते. आजी वारली त्याच वर्षी तू, माझा धाकटा भाऊ, जन्मलास, तिचं नाव तुझ्यावर आलं, म्हणून आई तुला आई म्हणते. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

निजायच्या खोलीत तू बसवलेल्या हवा बदलायच्या पेटीचं तोंड आहे ना, तिथे पीस हललंच नाही. समोर कपाट आहे. रोवन म्हणाला, कपाट सरकवू या. मी म्हटलं, जड आहे, राहू दे. आईने माझ्याकडे पाहिलं.

उद्याच्या विमानाने हे पत्र टाकते.

११ मार्च

विमान आलं नाही. तीन दिवस हिमवादळ आहे, समोरचं घर दिसत नाही. पत्र टेबलावर पडलंय आणि मी येताजाता त्याच्याकडे बघते. विमान वेळेवर आलं असतं तर बरं झालं असतं, पुढचं लिहावं लागलं नसतं.

असंच वादळ होतं सहा वर्षांपूर्वी. तू शिकून आला होतास, आईचं घर पहिलं केलंस. भिंती भरल्यास, फटी बुजवल्यास, हवा बदलायची पेटी बसवलीस. पहिल्यांदाच जमिनीवर अनवाणी बसता आलं आणि डिझेल निम्म्यावर आलं. आई बाजारहाट करायच्या निमित्ताने गावभर सांगत फिरायची, "माझ्या आईने घर केलंय." नौया तेव्हा दीड वर्षाची. तिचं अंथरूण त्या पेटीच्या तोंडाखाली होतं आणि वादळात तिथून गार वारा तिच्या डोक्यावर पडायचा. मी माझा एक हातमोजा काढला, सीलच्या कातड्याचा, आणि त्या तोंडात कोंबला. आजी करायची तसं. सकाळी काढायचा म्हणून.

सकाळी काढला नाही. वारा बंद झाला होता, पोर छान झोपली होती. मग मी समोर कपाट लावून घेतलं. बर्फाचं घर चार दिवसांत सोडून पुढे जायचं असतं; हे घर आपण सोडत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. नऊ माणसांचे श्वास, उकळणारी भांडी, वाळत घातलेले कपडे, सगळं पाणी भिंतींवर ओघळू लागलं. कोपऱ्यांत काळी बुरशी चढली. आई खोकायला लागली, नौयाची छाती भरली आणि दवाखान्याचं विमान तिला घेऊन गेलं. पुढे आईने तू बुजवलेल्या फटी पुन्हा उकरून मोकळ्या केल्या.

तू म्हणत होतास, "पेटीचा आवाज येतोय, मग हवा कुठे अडतेय?" बाहेरच्या झाकणावर बर्फ जमला असेल म्हणून तू भर वाऱ्यात दोनदा शिडीवर चढलास. खाली शिडी मी धरली होती.

शिडी धरताना मला हातमोजा आठवला नाही, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले. आठवला होता, तुलिमाक.

आधी वाटलं, एवढ्याशा मोज्याने काय होणार. नंतर पोर दवाखान्यात गेली आणि माझी वाचाच गेली. स्वतःच्या लेकराला आजारी पाडणारी बाई म्हणून गावात तोंड दाखवायची हिंमत नव्हती. गावाने रेडिओवर तुझं नाव घेतलं, बिननाकाचं घर बांधणारा म्हणून हसले. मी पोरीला दवाखान्यातून घेऊन परत आल्यावर, ओटावाला निघून जायच्या आधी, तू अकरा दिवस इथे होतास. अकराही दिवस मी तुला चहा दिला. एक शब्द बोलले नाही. माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही, तरी लिहिते. माफ कर.

१३ मार्च

काल वारा घटकाभर पडला, आई चर्चला प्रार्थनेला गेली, तेव्हा कपाट सरकवलं. मोजा होता तिथेच होता, धुळीने माखून कडक झालेला. आई आल्यावर तिच्या मांडीवर ठेवला.

तिने उलटून शिवण पाहिली. "हा टाका माझा आहे," ती म्हणाली. "हा तर बर्फावर हरवला म्हणाली होतीस. तू रडलीस म्हणून मी रातोरात दुसरा शिवला."

मी सांगितलं. सगळं, शिडीसकट.

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती बराच वेळ मोज्यातली धूळ बोटाने काढत राहिली. मग म्हणाली, "सहा वर्षं माझी आई परक्यांच्या गावात एकटी जेवते. आणि तू रोज मला विचारतेस, चहात साखर किती घालू."

मला रडू फुटलं. तिने रडू दिलं. नंतर स्वतःच पाणी ठेवलं आणि म्हणाली, "मला सांगितलंस ते या चार भिंतींत राहील. माझ्या आईला बोल कुठे लावला होता लोकांनी?"

"रेडिओवर."

"मग?"

१६ मार्च

काल रेडिओवर बिंगोचे आकडे पुकारायला सुरुवात व्हायच्या आधी मी रेडिओच्या खोलीत गेले. त्या वेळेला आख्खं गाव कान लावून बसलेलं असतं, हे आईनेच हेरलं होतं. मी म्हटलं, "मी मियाली. सहा वर्षांपूर्वी आमच्या घराचं नाक तुलिमाकने नाही, मी बुजवलं. हातमोज्याने. मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले. त्याचं काम चोख होतं." एवढंच. कागदावर बरंच लिहून नेलं होतं, ते वाचता आलं नाही.

मी उठले तोच पहिला फोन आला, इत्तुलूकाकाचा.

"मियाली, माझ्याही पेटीत मोजा आहे गं. डाव्या हाताचा."

मागोमाग दुसरा फोन. त्यांच्या पेटीत पोराचं पायताण. तिसऱ्या बाईने बदकाच्या पिसांची उशी कोंबली होती, तीन वर्षं. समितीने मागे ज्या ज्या घरांत पेट्या बसवल्या, त्यांतल्या निम्म्यांची नाकं आपणच बंद केलीत आणि एकही माणूस शेजाऱ्याला बोलला नाही! बिंगो एक तास उशिरा सुरू झाला. रोवन डोक्याला हात लावून बसला, मग हसत सुटला. म्हणाला, पेटीच्या तोंडाशी येणारी हवा आधी कोमट करायला हवी, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही; आता तसं करतो. त्याच्याकडे अठरा घरांनी नावं दिलीत. सोमवारी इत्तुलूकाकापासून सुरुवात. सामान इथेच राहणार.

एकोणिसावं घर आईचं. मी विचारलं, तुझं कधी करायचं? तिने नाक मुरडलं, म्हणजे नाही.

"लोकांची आधी होऊ देत," म्हणाली. "माझ्या घराला माझ्या आईचाच हात लागेल. मी खोकत थांबेन. सहा वर्षं थांबलेय."

हे मी तुला भरीला पाडायला लिहीत नाही. तुझं तिथे काम आहे, तुझी माणसं असतील. तू आला नाहीस तरी अठरा घरांची पोरं पुढच्या हिवाळ्यात अनवाणी खेळतील, आणि ती घरं कुणाच्या पद्धतीने केलीत हे आता गाव जाणतं. पण आलास तर शिडी मी धरीन, आणि या वेळी बोलेन.

वादळ निवळलं. विमानाचा आवाज येतोय, इत्तुलूकाका गाडी चालू करून हॉर्न वाजवतोय, म्हणून आवरते. सोबत एक हातमोजा आहे. माझा नाही, तो आईने दारामागच्या खिळ्याला टांगलाय. हा नवा, तुझ्या मापाचा. माप तिला अजून पाठ आहे. दोन्ही शिवून झालेत, पण दुसरा ती देत नाही. म्हणते, एका हाताला ऊब लागली की दुसरा आपोआप इकडे येईल.

आजी, वेळेवर जेवत जा.

तुझी नात,
मियाली