गुरुवारचा उपास

९ जानेवारी २०२५, गुरुवार
आज खोटे बोललो. अकोल्यातले दर गुरुवारचे व्याख्यान आटोपून नेहमीप्रमाणे सासूबाईंकडे, चतुराबाईंकडे, जेवायला गेलो. ताटात वांग्याची भाजी, वर बोटभर तर्री. माझे अपचन दोन वर्षांचे. डॉक्टरांनी तेल-तिखट वर्ज्य केलेले. पण तसे सांगायला जीभ रेटेना — इतरांच्या पथ्याला आजवर मीच नाजूकपणा म्हणत आलो. म्हणालो, "गुरुवार धरलाय." ज्याने आयुष्यात एकादशी पाळली नाही, त्याने!
चतुराबाईंचा चेहरा असा उजळला, की माझी मान खाली गेली.

१६ जानेवारी, गुरुवार
मला भगर आणि ताक. त्यांच्यापुढे ताटच नाही. "जवाई उपाशी अन् मी भाकर मोडू व्हय? मीबी धरला गुरवार. निरंकार."
त्यांना मधुमेह आहे. तिथेच खरे सांगायला हवे होते. ताकातले जिरे नीट भाजलेले नाही, एवढेच सांगितले.

२१ जानेवारी
उपाशीपोटी चहा बंद, जेवण सावकाश. छातीतली जळजळ ओसरते आहे. बरे वाटले की लाज वाटते.

३१ जानेवारी
अमरावती, घरी. मेव्हण्याचा, गोपालचा, फोन आला. तो ठेवून बायको, रागिणी, म्हणाली, "काल तुम्ही निघाल्यावर आईला चक्कर आली. शुगरची गोळी घेतली, अन् पोटात काही नाही. या वयात हे उपासाचं खूळ कोणी घातलं तिच्या डोक्यात?"
मी मऊ भात चावत होतो. चावतच राहिलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सर्व सांगून टाकले. उपास नव्हताच, पोट होते. त्या रागावतील अशी अपेक्षा होती — इच्छाही होती.
"एवढे दिवस दुखून राहिलं अन् बोलले नाही? मंग तं आता सोडताच येत नाही. तुमचं पोट बरं होईस्तोर माया गुरवार पक्का."
मी तर्कशास्त्र शिकवतो. एकही मुद्दा टिकला नाही.
"तुमी प्रोफेसर कॉलेजात," म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
पोट पूर्ण बरे झाल्याचे जाहीर केले. "खाऊन दाखवा," म्हणाल्या. वांगे तर्रीसकट खाल्ले; दुसऱ्यांदा मागून घेतले. तेव्हा कुठे त्यांनी भाकर मोडली.
परतताना मूर्तिजापूरपर्यंत गाडीत उभाच होतो, जळजळीने बसवेना. पुढच्या गुरुवारी भरीत करणार आहेत.