झेंड्यापुढचं गाऱ्हाणं

वरचीवाडी, देवरूख
ता. ४ ऑगस्ट २०२५

ती. कमळाआत्यास,
राहीचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. घरच्या ग्रुपवर आता फक्त विनीतकाकाच लिहू शकतात. तुझा फोन तर तुझ्या मुलाच्या, संदेशच्या हातात, आणि तो वाचतो ते संध्याकाळपर्यंत काकांना कळतं. पोस्टमन तरी अजून कुणाच्या बाजूचा नाही.

पंधरा ऑगस्टला शाळेत मला भाषण सांगितलंय. काका सरपंच, म्हणून त्यांनी ते आधी वाचायला मागितलं. ज्या गावात विचारायची भीती वाटते तिथं स्वातंत्र्य अर्ध्या वाटेवरच थांबलंय, असं मी लिहिलं होतं. ते खोडलं. नदीचं वर्णनही खोडलं. म्हणाले, नदी आली की पाणी येतं, पाणी आलं की नळ येतो. आता आदरणीय आणि धन्यवाद यांच्यामध्ये टिळक तेवढे उरलेत. त्यांच्याबद्दलही जरा बेतानं बोल म्हणाले.

भागोजीआजांचं कळलं असेलच. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांनी नळाला पाणी का नाही विचारलं. काकांनी तक्रार केली, आणि आजांना शांतताभंगाची नोटीस आली. दुपारभर चौकीत बसून आले. तेव्हापासून देवळात गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणंही घालत नाहीत. म्हणतात, तोंड उघडलं की कागद येतो.

कागदाबाहेर भाषणात बोलणार नाही असा शब्द मी काकांना देऊन बसलेय. शब्द मोडायचा नाही हे पाटीवर अक्षरं गिरवून घेताना तूच शिकवलंस, आणि खरं लपवायचं नाही हेही तूच. दोन्ही कसं जमवू? अन्न जात नाही. आई म्हणते, जंत झालेत.

माया आहे तशीच ठेव, पण उत्तर मात्र लवकर धाड.
तुझी राही

---

अलोरे, ता. ८ ऑगस्ट

चि. राहीस अनेक आशीर्वाद.

जंतांचं औषध घेऊन टाक, आईचं मन राहील.

विनीत माझा धाकटा भाऊ. लहानपणी आंबे तो चोरायचा आणि बाबांपुढे काय बोलायचं ते मला पाठ करून घ्यायचा. दुसऱ्यांची भाषणं तपासायची खोड जुनीच.

शब्द भाषणाचा दिलास ना? मग भाषण कागदाबरहुकूम वाच. पण झेंड्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची आपल्या गावची रीत आहे. गाऱ्हाणं देवाला असतं. सरपंचानं ते तपासल्याचं मी ऐकलेलं नाही. भागोजीला माझं नाव सांगून बोलाव. त्याला जमलं नाही तर तू घाल. बाईमाणसानं घालू नये असं कुणी म्हणालं, तर कुठल्या देवानं कळवलं ते विचार.

पोटभर जेव. तुझी आठवण इथं रोज निघते.
कमळाआत्या

---

वरचीवाडी, ता. १६ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न.

भागोजीआजा आले. नारळ हातात घेतला, देवाला हाक मारली आणि नारळ माझ्याकडे केला. पुढचं तू घाल, मला परत कागद येईल, असं पुटपुटले. मी त्यांच्या हाताखाली हात धरला आणि पुढचं म्हटलं. या गावात विचारणाऱ्याला भीती वाटते, ती दूर कर म्हाराजा. सगळं गाव रीतीप्रमाणे ओरडलं, व्हय म्हाराजा! सगळ्यात मोठा आवाज विनीतकाकांचा, डोळे मिटून. नळाला पाणी मागितलं, व्हय म्हाराजा! सरपंचाला तक्रार मागे घ्यायची बुद्धी दे म्हटल्यावर काकांचे डोळे उघडले, पण तोवर व्हय निघून गेलं होतं. देवापुढचं व्हय परत घेता येत नाही, हे काकूनं त्यांना तिथंच बजावलं.

भाषण कागदाबरहुकूम झालं. टिळकांबद्दलही मी बेतानंच बोलले. काका तक्रार मागे घेऊन आले. पण आत्या, मी त्यांना फसवलं का गं? रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
राही

---

अलोरे, ता. २० ऑगस्ट

चि. राहीस आशीर्वाद.

थोडं फसवलंस. देव बघून घेईल, तोही त्यात होता.

मला काळजी वेगळीच. तुझा काका पटून व्हय म्हणाला नाही, सवयीनं म्हणाला. गावही तसंच. उद्या कुणी उलटं मागितलं तरी हीच माणसं व्हय म्हणतील. स्वातंत्र्य दर वेळी कुणी हिसकावतंच असं नाही गं, आपणच माना डोलावून देऊन टाकतो. म्हणून पेढे वाटू नकोस एवढ्यात.

जपून राहा, कळवत जा.
कमळाआत्या

---

वरचीवाडी, ता. ३० ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न.

पंधरा ऑगस्टची तहकूब ग्रामसभा काल झाली. नळाचं काम पुढच्या वर्षी करू, सर्वांना मान्य ना, असं काकांनी विचारलं. सवयीनं माना हलायला लागल्या. तेवढ्यात मागून भागोजीआजा खाकरले, उभे राहिले आणि म्हणाले, का म्हाराजा?

सगळं गाव वळून बघायला लागलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. हे माझ्या कागदात नव्हतं, असं मी त्यांना अगदी खरं सांगितलं.

सर्वांना मान्य असं काही वहीत चढलं नाही, आणि सभा पुन्हा तहकूब करायचं धाडसही काकांना झालं नाही. मी काल दोनदा भात घेतला.

तुझा लोभ आहेच. भागोजीआजांनीही तुला नमस्कार सांगितलाय, मोठ्यानं.
तुझी राही