खळ न लावता निघालेला अंक

अण्णा, तुमचं त्रैमासिक मी बंद केलेलं नाही, हे आधी सांगून टाकते. तुमच्या मित्रांनी गावभर तसं सांगत फिरायला कमी केलेलं नाही, म्हणून म्हटलं, तुम्हाला माझ्याकडून कळलेलं बरं. मी फक्त छापणं थांबवलं. अंक आता मोबाईलवर निघतो, वेळेवर निघतो, आणि तुमच्या काळात ज्यांच्या हाती तो कधीच पडला नाही अशी माणसं तो वाचतात. राग आला असेल तर येऊ द्या. तुमचा राग मला नवा नाही.

द्वारका चौकाजवळच्या आपल्या त्या छोट्या घरातला अंकाचा दिवस मला लख्ख आठवतो. ऑफिस सुटल्यावर तुम्ही प्रेसमधून गठ्ठे सायकलच्या कॅरिअरला बांधून आणता, बूटही न काढता पहिला अंक उघडता आणि चुका शोधायला बसता. आई स्टोव्हवर कणकेची खळ शिजवते. झुरळं लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद पडतं, त्यामुळे ते पातेलं कायम वेगळं ठेवलेलं असतं. कॉलनीतल्या बायका येतात, अंकावर कागदी पट्ट्या गुंडाळतात, पत्ते चिकटवतात. त्या दिवशी स्टोव्ह पेटतो तो फक्त खळीसाठी. आपण सगळे भेळभत्ता खातो. तुमच्या संपादकीयात कष्टकऱ्यांचा गौरव असायचाच असायचा, आणि खळ लावणाऱ्या त्या बायकांपैकी एकीनेही ते कधी वाचलेलं नसायचं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आता वाटतं, आणि फार वाटतं.

शाळेत असताना मी तुम्हाला एकदा म्हणाले होते की अक्षर थोडं मोठं घ्या ना, आईला दिसत नाही. तुम्ही प्रूफातून मान वर न काढता म्हणालात, "मोठं अक्षर घेतलं तर दोन कवी बाहेर राहतील. कुणाला काढू ते तू सांग." पुढे कित्येक वर्षं मला ते उत्तर फार थोर वाटत आलं. किती न्यायी आपले वडील, असं मैत्रिणींना सांगायचे. पण अण्णा, बाहेर एकजण राहतच होती. ती मागे उभी राहून खळ ढवळत होती.

तुम्ही गेल्यावर अंक मी चालवला, अगदी तुमच्याच पद्धतीने. तोच कागद, तेच बारीक अक्षर. पोस्टातून अंक परत यायचे, 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन. ज्यांना मिळायचे त्यांच्यातले निम्मे टीपॉयवर ठेवून फोटो काढायचे आणि छान झालाय म्हणून मला पाठवायचे. तरी मी रेटत राहिले. मग एक दिवस चांदवडकडच्या एका अंगणवाडीताईंचा फोन आला. त्यांची एक कथा मी अंकात घेतली होती. मला वाटलं, आभार मानायला केला असेल. तर त्या म्हणाल्या, "जय भीम ताई. एक सांगायचं व्हतं. अंक पाठवू नका. पोस्टाने आला का सासरे फोडत्यात, मग घरात लय बोलणी. मोबाईलवर पाठवा. मोबाईल वाचत बसले तर कोणी काय म्हणत नाय, त्यान्ला वाटतं अंगणवाडीची माहिती भरतेय."

मी फोन ठेवला. तुम्ही हयातभर जिच्यासाठी अंक काढला म्हणायचात, ती बाई मला विनवत होती की तो घरी पाठवू नका. त्याच दिवशी ठरवलं.

आता फजितीही सांगते, नाहीतर काका सांगतीलच. काका म्हणजे तुमचे मित्र, ते निवृत्त मुख्याध्यापक. संपादक मंडळात आता त्यांचाच शब्द चालतो. सुरुवात तुमच्यापासून करावी म्हणून मी तुम्ही काढलेला शेवटचा अंक कॉम्प्युटरमधून उचलला आणि वेबसाइटवर टाकला. माझ्या पडद्यावर तो झकास दिसत होता, कारण प्रेसवाल्यांचा तो जुना फॉन्ट माझ्याकडे होता. लोकांच्या मोबाईलमध्ये तो कुठून असणार? त्यांना तुमच्या संपादकीयाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या खुणा दिसल्या. मी तर सगळ्यांना पाठवून मोकळी झाले होते. काकांनी ग्रुपवर लिहिलं, "अभिनंदन. आता याचं मराठी भाषांतरही तूच कर." लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. मला रडू आलं, मग स्वतःचाच संताप आला, आणि मी तो सबंध अंक पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करायला घेतला.

आई शेजारी मेथी निवडत बसायची. एका दुपारी तिने हात पुसले, माझा मोबाईल घेतला आणि नातवंडांचे फोटो मोठे करते तसं दोन बोटांनी तुमचं संपादकीय मोठं केलं. एका वेळी चार-पाच शब्द मावत होते, तेवढेच वाचत, सरकवत राहिली. मेथी तशीच पडून राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "चांगलं लिहायचे की गं. मला वाटायचं, नुसता कागद घालवतात." मी हसले. इतकी वर्षं संसार केला तुम्ही तिच्याबरोबर आणि तुम्ही चांगलं लिहिता हे तिला तुम्ही गेल्यावर कळलं. याचा जाब मी कुणाला विचारू?

मंडळाची बैठक विहारामागच्या खोलीत झाली. काकांनी ठराव तयारच करून आणला होता. वेबसाइट बंद करायची, वर्षातून एकदा जाड कागदावर स्मरणिका काढायची, मुखपृष्ठावर तुमचा फोटो. आणि मला हे मान्य नसेल तर अंकाचं नाव मंडळाने काढून घ्यायचं. सगळे जमिनीकडे बघत होते. काका माझ्याकडे वळून मायेनेच म्हणाले, "पोरी, अण्णा असते तर त्यांना हे चाललं असतं का?"

मी उभी राहिले. "चाललं असतं," म्हटलं. "अण्णांना वाचक हवे होते, कपाट भरायचं नव्हतं. आणि नाव घ्यायचं तर खुशाल घ्या काका. मी दुसऱ्या नावाने काढीन. वाचणाऱ्या बायका तिकडे येतील."

ठरावाच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. काकांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, मग जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की मोबाईलवर आपल्याला काही वाचवत नाही. आता त्यांच्यासाठी मी प्रत्येक अंकाची प्रिंट काढते, मोठ्या अक्षरात, आणि स्टेपल मारून नेऊन देते. ते चहा पाजतात आणि चुका दाखवतात. त्यांच्याशी माझं भांडण नव्हतंच. भांडण तुमच्याशी होतं, आणि ते मी जिंकले म्हणून आज हे लिहायला बसले.

ताईंची नवी कथा आली आहे, या अंकात पहिल्या जागी घेतेय. हे पत्र मात्र अंकात जाणार नाही, कुठेच जाणार नाही. काकांनी वाचलं तर माझी पंचाईत होईल. कारण बैठकीत मी काहीही म्हटलं तरी तुम्हाला हा मोबाईलवरचा अंक चालला नसता, अण्णा. मोबाईल हातात घेऊन तुम्ही एकदा बघितला असता, खाली ठेवला असता आणि म्हणाला असतात, प्रेसला फोन लाव. आणि मी मुकाट्याने लावला असता.