माझी टू-स्ट्रोक आणि म्हातारा गट

९ मार्च, रविवार

ही वही जानेवारीत आणली. रोज एक पान लिहायचं ठरलं होतं. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. पेन आणायला साताऱ्याला गेलो, तिथं एक ओळखीचा भेटला, तो टॅक्सी घेऊन महाबळेश्वरला निघाला होता. मग फेब्रुवारी संपला. आज लिहितोय कारण डोकं फिरलंय आणि घरात ऐकायला कुणी तयार नाही.

यात्रा कमिटीचं हँडबिल आलं. यंदा बैलगाड्यांच्या मैदानाबरोबर मोटारसायकलची पण शर्यत. अजून वाहतुकीला न सोडलेल्या नव्या बायपासवर, दोन किलोमीटर. इथवर ठीक. खाली छापलंय, एकच ओपन गट, कुठलीही मोटारसायकल चालेल.

शिसारी आली वाचून. कुठलीही म्हणजे? शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक आणि चारशे सीसीची स्पोर्ट्स एका रेषेत उभी करणार? तालमीत सत्तावन्न किलोचा गडी सव्वाशे किलोच्या अंगावर सोडतात का? या गावाला गाडी कळत नाही. पेट्रोल भरता येतं, एवढंच.

११ मार्च, मंगळवार

करार लिहून ठेवतो, मागनं वाद नको. टू-स्ट्रोक नानासोकाकांची आहे. काका मिलिटरीतनं नायब सुभेदार म्हणून रिटायर झाले, आणि मी त्यांच्याकडेच राहतो. सकाळी चहाला काका म्हणाले, शंभूराज, दोन वर्षं गाडी फिरवतोयस, पेट्रोल जाळण्यापलीकडं काय केलंस? यात्रेत एक ढाल आण. न्हाई आणलीस तर गाडी दीपमालाला, आन तू कारखान्याच्या वजनकाट्यावर. मैं बात करके आया हूँ.

दीपमाला म्हणजे त्यांची मुलगी. नर्सिंगला साताऱ्याला जाते, एसटीनं. ती म्हणाली, मला नको ते धूड. मी काय दूधखुळा नाही. नको म्हणणाऱ्याच्याच मनात जास्त असतं.

गाडी गेली की फिरणं गेलं. फिरणं गेलं की माझ्यात राहतं काय? वजनकाट्यावर दिवसभर ट्रॅक्टर मोजायचे. 

संकल्प: (१) इंजिन खोलून नवीन पिस्टन. (२) रोज सकाळी सहाला प्रॅक्टिस. (३) कमिटीला गट पाडायला लावणे.

१२ मार्च

सहाला उठलो नाही. गजर झाला होता. गजराचा दोष नाही.

१५ मार्च, शनिवार

कमिटीचे अध्यक्ष गुंडातात्या, चाळीस वर्षं बैल पळवतात. गेलो तर खोंडाला खरारा करत होते. मी व्यवस्थित मुद्दा मांडला. टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक, स्पोर्ट्स, रोजच्या वापराच्या, ह्या वेगवेगळ्या जाती आहेत, एकत्र पळवणं हा अन्याय आहे. तात्यांनी विचारलं, तुजी ल्हान हाय म्हणून येगळा गट पायजे व्हय? मी म्हणालो, लहानमोठ्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. तात्या म्हणाले, तत्त्व किती सीसीचं असतंय रं?

गोठ्यात बसलेले तिघं हसले. मी पण हसलो, वरवर. येताना वाटेत थुंकलो.

१९ मार्च, बुधवार

पिस्टन आणायला सांगलीला गेलो. कृष्णेच्या घाटावर एकजण कबुतरं उडवत होता. एक कबुतर परत येईना. मालक रडकुंडीला आलेला. माणुसकी म्हणून थांबलो. साडेतीनला कबुतर आलं. तोवर पार्टच्या दुकानाचं शटर खाली, बुधवारी तीनपर्यंतच उघडं असतं. दोन किलो भडंग घेऊन परत आलो. दीपमालानं भडंग खाल्लं आणि विचारलं, हे सिलिंडरमधे बसवणार का? उरलेलं भडंग उचलून खोलीत नेलं. माणसानं आपली पातळी सोडू नये.

२३ मार्च, रविवार

देवळात कमिटीची मीटिंग. जे बघितलं त्यानं माणसावरचा विश्वास उडाला.

गट पाडा म्हणून मी उभा राहिलो तर सगळेच उभे राहिले. दूधवाला नाथाजी म्हणाला, माज्या गाडीला दोन बाजूला कॅन असत्यात, कॅनवाल्यांचा येगळा गट करा. कुणीतरी म्हणालं, कॅन काढून ठेव की. नाथाजी म्हणाला, कॅन काढले की गाडी वळतच न्हाई, सवय न्हाई तिला. बुलेटवाले म्हणाले, आमचा गट आवाजावर ठरवा. शाळेतले एक गुरुजी म्हणाले, बायको मागं बसलेल्यांचा गट पायजे. अठरा नावं, चौदा गट. प्रत्येकाला आपल्या एकट्याचाच गट हवा. तत्त्व कुणालाच नको. किळस आली.

तेव्हा मी आवाज चढवला. म्हणालो, तात्या, मैदानात बैलांचे दात बघून आदत, दुसा, चौसा असे गट तुम्हीच पाडता. दात न आलेलं खोंड जुन्या बैलासंगं तुम्ही कधी पळवलंय? तात्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा माणसाकडं बघावं तसं बघितलं. म्हणाले, बरोबर हाय गड्या. पर गाडीला दात कुठं असत्यात? मी म्हणालो, आरसी बुक आहे की. त्यात वय असतंय.

एकमतानं पास. चिटणीसांना ठराव मीच सांगितला: गट गाडीच्या वयावर पडेल, प्रकार, सीसी, स्ट्रोक बघणार नाही, हरकत चालणार नाही. हरकतीचं मुद्दाम घातलं. स्पोर्ट्सवाल्या पोरांचा भरवसा नाही.

शेवटी तत्त्व जिंकलं.

२५ मार्च, मंगळवार

यादी लागली. दोन वर्षांच्या आतल्या गाड्या आदत, अकरा नावं. पाच वर्षांपर्यंतच्या दुसा, त्यापुढं चौसा. तीस वर्षांवरच्या जून, आणि बाहेरगावच्यांसाठी वेगळा ओपन. माझी १९९३ ची. जून गटात एकच नाव, माझं. तात्यांनी फळ्यावर 'म्हातारा गट' लिहिलंय. या वहीत त्याला व्हिंटेज म्हटलं जाईल.

एकटाच म्हणजे पहिला. पिस्टनची गरज उरली नाही. प्रॅक्टिसची तर नाहीच. संकल्प: ढाल घेताना बोलायचे चार शब्द तयार करणे.

२९ मार्च, शनिवार

भाषणाला निवांतपणा पाहिजे म्हणून वाईला गेलो. घाटावर बसलो. एका लग्नाच्या वऱ्हाडात ड्रायव्हर कमी पडत होता. वऱ्हाड पोचवलं. जेवण चांगलं होतं. भाषण राहिलं.

४ एप्रिल, शुक्रवार

घाण झाली आहे.

नागसेन गॅरेजवाला सहज म्हणाला, गटात एकच गाडी असली तर कमिटी गट रद्द करून तिला ओपनमध्ये टाकते, बैलांचा तोच नियम आहे. पळत तात्यांकडं गेलो. तात्या म्हणाले, व्हय. एकट्याचं पळणं म्हंजे वरात, शर्यत न्हवं. पंधरा किलो गुलाल उधळायचा का तुज्या एकट्यावर?

ओपनमध्ये साताऱ्याचा साईराज आहे, चारशे सीसीवाला. म्हणालो, तात्या, मग मला चौशात टाका. तिथं माझ्याच जातीच्या लहान गाड्या आहेत. तात्यांनी चिटणीसांना ठराव वाचायला सांगितलं. प्रकार बघणार नाही. हरकत चालणार नाही. तात्या म्हणाले, लय झाक मजकूर हाय. कुणी सांगितला?

या लोकांना कायद्याचा अर्थ कळत नाही, नुसते शब्द कळतात.

संकल्प: दुसरी म्हातारी गाडी शोधणे. अटी: चालू पाहिजे. फार चालू नको.

१० एप्रिल, गुरुवार

सहा दिवस फिरतोय.

नाथाजीच्या वडलांची १९८९ ची गाडी आहे असं कळलं. गेलो. आहे, पण टाकीवर कोंबडी अंड्यावर बसलीय. नाथाजीची आई दगडाबाई म्हणाली, एकवीस दिवस हात लावायचा न्हाई. यात्रा दहाच दिवसांवर आहे ते सांगितलं. ती म्हणाली, मग कोंबडीला सांग. महाबळेश्वर रोडला एकाची मिळाली, नुसता सांगाडा, इंजिन पाण्याच्या पंपाला. सांगलीत एक चकचकीत गाडी सापडली, मालक यायला पण तयार होता, पण चालवून दाखवली तर माझ्यापेक्षा बरीच पुढं. त्याला म्हणालो, शर्यत रद्द झाली.

लोक जुन्या गाड्या एक तर कुजवतात नाहीतर देव्हाऱ्यात बसवल्यासारख्या सांभाळतात. मधला माणूसच उरला नाही महाराष्ट्रात. वीट आला.

१३ एप्रिल, रविवार

व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकलं: कुठलीही जुनी गाडी चालेल, १९९५ च्या आधीची, माझ्याविरुद्ध पळायला या. हिंमत असेल तर. दोनशे बारा जणांनी बघितलं. एकानं हात जोडलेले पाठवले. दीपमालानं विचारलं, कुठलीही म्हणजे खरंच कुठलीही? मी म्हणालो, तुला काय करायचंय, अभ्यास कर. गाडीची किल्ली उशीखाली ठेवायला सुरुवात केली आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

गाडी नागसेनला दाखवली. त्यानं किक मारली, कान लावला, परत मारली. म्हणाला, पिस्टन बदला म्हणून मार्चमधेच सांगितलं होतं. थंड असताना सुरू होईल, गरम झाल्यावर सांगू नका. मी विचारलं, दोन किलोमीटर पळेल का? तो म्हणाला, उतार आहे का?

गॅरेजवाल्यांचा हा निराशावाद. यांच्यामुळंच देशात रेसिंग वाढत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

काकांनी कारखान्याचा फॉर्म टेबलावर ठेवलाय. वर पेपरवेट म्हणून माझंच हेल्मेट.   फोटो चिकटवायच्या चौकोनाकडं बघून कसंतरी झालं.

दीपमाला दोन दिवस घरात नाही. मैत्रिणीकडं अभ्यासाला. बरंच झालं, किल्ली खिशात ठेवता येते.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ८.१०

मैदानावर. गुलाल, पिपाणी, चहा. झेंडा पडेपर्यंत गाडी सुटू नये म्हणून प्रत्येक मोटारसायकलच्या पुढं दोन गडी हँडल धरून उभे करणार आहेत, बैलाला धरतात तसे. एकानं सवयीनं हेडलाइटवर थोपटलं. काय म्हणायचं याला.

म्हाताऱ्या गटाची दुसरी नोंद साडेदहापर्यंत आली तर ठीक. नाहीतर ओपन.

९.३५

आदत गट झाला. नाथाजी चौशात कॅनसकट पळाला. तिसरा आला. कॅन भरलेले होते. लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतायत. रेसिंगची ही पातळी.

माझी गाडी सकाळी पहिल्या किकला सुरू झाली होती. लोकांनी बघावी म्हणून अर्धा तास चालू ठेवली. मग बंद केली. आता सुरू होत नाही. एकतीस किक झाल्या. धरायला दिलेले दोघं गडी हँडल धरून उभे आहेत. त्यातला एक म्हणाला, दादा, आमी सोडून बसू का थोडं? ही कुठं पळून जाईना झालीय. बत्तिसावी मारली.

१०.१५

छप्पन्न किक. साईराज शेजारी येऊन उभा राहिला, चारशे सीसी घेऊन. म्हणाला, ओपनला या की, मजा येईल. खरंच चांगलं वागत होता. त्यानं जास्त तिटकारा आला.

काका मंडपात दिसत नाहीत. फॉर्म आणायला गेले असतील.

१०.२५

दुसरी नोंद झाली. आत्ता, माझ्यासमोर.

दीपमाला आली आहे. आमच्या गल्लीतल्या रिटायर नर्स मनुबाई, त्यांची मोपेड घेऊन. १९९१ ची. महिन्याभरापूर्वी मनुबाईंनी कॉलेजला जायला म्हणून तिला दिली, आणि दीपमालानं नागसेनकडं बसून इंजिन पुरतं करून घेतलं, पिस्टनसकट. हे सगळं मला आत्ता कळतंय, लाउडस्पीकरवरून. काका तिच्या मागं बसून आलेत.

तात्या म्हणाले, झाली जोडी, म्हातारा गट पळणार. माझा गट वाचला. लोक टाळ्या वाजवतायत.

दीपमालानं मोपेड रेषेवर आणून लावली, माझ्या शेजारी. बंद केलेली नाही. माझ्या गाडीकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं. म्हणाली, दादा, तू चालू कर सावकाश, मी थांबते.