पाइकचं मुंडकं कुणाचं?

प्रिय मेहुणे आल्वार यांस,

टोर्स्टन दाजीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? इकडे तुमच्या गुनवोरताईचा माझ्यावरचा राग सोडला, तर सगळं खुशाल. गेल्या वर्षीच्या ऑगस्टच्या जेवणात तुम्ही सांगितलंत, की चकाकतं आमिष म्हणून आईच्या कॉफीच्या चमच्याला भोक पाडून गळ बांधला आणि एक राक्षसी पाइक मासा तो चमचाच घेऊन पळाला. मी सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्हाला थापाड्या म्हटलं. तेव्हापासून वर्ष उलटून गेलं, तुम्ही फिरकला नाहीत. असो, तो विषय आज नको. आज विषय माझा आहे.

शनिवारी पहाटे मी तळ्यावर निघालो, तर तुमच्या ताईने दारातून चक्क शुभेच्छा दिल्या. (मासेमारीला निघालेल्याला शुभेच्छा देतात का कधी? हमखास रिकाम्या हाताने परततो माणूस! तुमच्या घरात वाढलेल्या बाईला हे कळू नये?) मी मुकाट्याने परत फिरलो, बूट काढले, कॉफी प्यायलो, दालचिनीचा पाव खाल्ला आणि नव्याने निघालो. या वेळी ती म्हणाली, "जा, काही मिळायचं नाही तुम्हाला." रिवाज म्हणून एवढं मनापासून म्हणायची गरज नव्हती.

या भानगडीत दोन तास गेले आणि तेवढ्यात आभाळ फाटलं. बर्फमिश्रित पाऊस, वारा असा की टोपी पहिल्याच झटक्यात पलीकडच्या काठाला. होडीत घोटाभर पाणी. थर्मास कलंडला, कॉफी बुटात गेली (तेवढाच काय तो ऊबदार प्रसंग). बोटं इतकी बधिर, की गळ ओढला गेला तेव्हा मला वाटलं तळाशी लाकूड लागलं. मग लाकूड चालायला लागलं.

मेहुणे, त्या पाइकने होडीसकट मला तळ्याभोवती दोनदा फिरवलं. एक वल्हं गेलं. जाळी त्याला पुरेना, म्हणून मी त्याला मिठी मारून आत घेतलं आणि त्याच्यावर बसून राहिलो. एकशे चौदा सेंटिमीटर! सव्वाअकरा किलो! होडीच्या खोपटाच्या दारावर सासऱ्यांच्या पाइकचं मुंडकं वीस वर्षं दात विचकून बसलंय. आता त्याच्या वर माझ्या पाइकचं बसणार. मी भिजलेल्या चड्डीत काठावर नाचलो आणि मला त्याची अजिबात लाज नाही.

कळावे, लोभ असावा. नसला तरी पत्र शेजाऱ्यांना वाचून दाखवावे.

तुमचा विजयी दाजी,
टोर्स्टन

ता. क. खिळा ठोकलाय. मुंडकं अजून मिठातच आहे.

ता. क. २. त्याचं कारण असं, की साफ करताना जबड्यात एक काळं पडलेलं काहीतरी रुतलेलं निघालं. गुनवोरने ते घासलं आणि खुर्चीत बसून रडली. तुमच्या आईच्या सहा चमच्यांतला सहावा, भोकासकट. म्हणजे तुम्ही खरं बोलत होतात. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. चौथ्यांदा लिहिताना ती मागे उभी होती, पण लिहिलंय मी माझ्याच मनाने. रविवारी त्याच सगळ्या पाहुण्यांना जेवायला बोलावलंय, त्यांच्यासमोर तोंडानेही म्हणेन. मुंडकं मी धरतो, हातोडी तुम्ही चालवा.

ता. क. ३. प्रवासाला शुभेच्छा देत नाही. या वेळी तुम्ही खरंच पोचायला हवे आहात.