डबा थोरल्याला, कॉइल धाकट्याला

मी, या कागदाखाली अंगठा उमटवणारी, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची बायको आणि तो गेल्यावर बावीस वर्षं स्वतः रेडिओ दुरुस्त केलेली, वय ऐंशीच्या पुढे, गुडघे सोडून बाकी सगळं ठणठणीत असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता (तसा माणूस अजून जन्माला यायचा आहे) माझी अखेरची इच्छा सांगते. मला लिहिता-वाचता येत नाही. थोरल्याची मुलगी लिहून घेते आहे. मी सांगेन तेच लिहायचं, असं कबूल करून घेतलं आहे.

१. घर दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं. बँकेत असेल ते दोन्ही सुनांना सारखं. सुनांनी माझं ऐकलं; मुलांनी नुसती मान हलवली.

२. दुकान मी काय वाटणार? दोघांनी मधे फळ्या ठोकून ते आधीच वाटून घेतलं. पाटीवर कोणाचं नाव वर, यावरून सख्खे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. आता दोन पाट्या आहेत. मला दोन्ही सारख्याच दिसतात.

३. आता खरी इस्टेट: घरी केलेला सिग्नल जनरेटर. हे यंत्र छोट्या रेडिओ स्टेशनासारखी लहर सोडतं आणि लहरीवर शीळ बसवतं. ती बिघडलेल्या रेडिओत सोडायची, आणि शीळ सगळ्यात मोठी येईपर्यंत आतले स्क्रू फिरवायचे. विकतचं झेपणारं नव्हतं, म्हणून आम्ही घरीच केलं. ते आपण करून दिलं, असं माझे दीर गावभर सांगतात. त्यांनी फक्त चहा प्यायला. जोडणी ह्यांची, तांब्याच्या तारेच्या कॉइल मी गुंडाळल्या, आणि डबा माझा, पिठाचा. मला न विचारता ह्यांनी त्याला भोकं पाडली. तेव्हा मालकी कोणाची, हे सांगायला कोर्ट नको. दिरांचा रेडिओ कपाटात वरच्या फळीवर आहे. ‘अंगठेबहाद्दर बाई काय रेडिओ जुळवणार’ म्हणून ते न्यायला आलेच नाहीत. त्यांना द्यावा. छान वाजतो.

४. रेडिओतल्या जळक्या व्हॉल्वच्या, म्हणजे काचेच्या दिव्यांच्या, बुडांवर मी पाच कॉइल गुंडाळल्या. हवी ती डब्यात खोचायची. सगळ्यात मोठीला शंभर वेढे हवे होते. मला मोजता येतं, पण दूध उतू गेलं की आकडा जातो. म्हणून समोरच्या शिंप्याकडून मूठभर बटणं आणली. दहा वेढे झाले की वाटीत एक बटण. वाटीत दहा झाली की थांबायचं. रांगत्या धाकट्याने वाटीतलं एक गिळलं. मी इमानाने दहा वेढे जास्त घातले. डबा सुरू केला तर ह्यांनी तबकडीवर आखलेले आकडे सगळेच चुकीचे! तिसऱ्या दिवशी बटण सापडलं, तेव्हा उलगडा झाला. कुठे सापडलं ते लिहू नकोस म्हटलं, तर ही पोरगी खिदळते आहे.

मी म्हटलं, “दहा वेढे सोडते.” हे म्हणाले, “हात लावू नकोस. किती घट्ट बसलीये! तबकडी नवी करू.” मग चांगल्या रेडिओवर एकेक स्टेशन लावून आम्ही डब्याची खुंटी फिरवली. खुणा मी कानाने सांगितल्या आणि शाळकरी थोरल्याने चित्रकलेच्या वहीच्या पुठ्ठ्यावर माझ्यासाठी चित्रं काढली: बातम्यांना चष्मा, गाण्यांना पक्षी. अशी थोरल्याची तबकडी धाकट्याच्या बटणावर बेतलेली आहे.

५. म्हणून तबकडीसकट डबा थोरल्याला. पाचही कॉइल धाकट्याला. मोठीचा एकही वेढा सोडू नये.

“आजी, मग एकट्या कोणालाच तो वापरता येणार नाही.”

“लिही.”

“वकील हसेल गं.”

“हसू दे. फी तर घेणारच.”

६. बटण नातीला. धुतलेलं आहे.

७. ही इच्छा पार पाडणारे व्यवस्थापक: समोरचे शिंपी. पहिल्या दिवशी आम्ही डब्याचं झाकण लावायला विसरलो, लहर बाहेर सुटली आणि त्यांच्या रेडिओत ऐन बातम्यांत शीळ घुसली. कात्री घेऊनच आले, “वहिनी, बातम्या देणाऱ्याला काय चावलं?” तो रेडिओ त्यांच्याकडे अजून चालतो. म्हणून अट अशी: माझ्यामागे दोन्ही मुलांनी एका टेबलाशी बसून मोठी कॉइल खोचावी, झाकण उघडं ठेवावं, डब्याची स्वतःची शीळ बंद करावी आणि बातम्यांच्या वेळी काटा चष्म्यावर आणावा. शिंप्याच्या रेडिओत शीळ येईपर्यंत घराची किल्ली शिंप्याकडे.

शिंपी इथेच बसले आहेत. म्हणतात, “आणि बसलेच नाहीत तर?”

“तर किल्ली सांभाळत म्हातारे व्हा.”

“वहिनी, आता आणखी किती?”

काटा चष्म्याजवळ येईल तशी स्टेशनच्या आणि डब्याच्या लहरींच्या टकरीची शीळ बारीकची जाड होत जाईल आणि बरोबर जागेवर गप्प होईल. ती गप्प झाली की जुळलं, असं समजावं. माझ्या मुलांच्या बाबतीत मात्र उलटं समजावं.

हे मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदाही तेच होतं, म्हणून अंगठा केला.

डाव्या हाताचा अंगठा: कॉइल गुंडाळणारीचा
लिहून घेणारी: नात
साक्षीदार पहिले: समोरचे शिंपी (सही)
साक्षीदार दुसऱ्या: गुडघ्याला पट्टी बांधायला येणाऱ्या नर्सबाई (सही)
ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकीजवळची खुर्ची
दिनांक: आठ ऑक्टोबर, बुधवार, सकाळच्या बातम्यांनंतर