फाटकासमोरची जागा

रविवार, १ जुलै २०१८. सकाळी ७.१०
तिवारींची स्कूटर पुन्हा आमच्या फाटकासमोर. आडवी. माझी गाडी रात्रभर कोपऱ्यावर, पानवाल्यासमोर. दारावर पिंक. विश्वेश्वर तिवारी समोरच राहतात, त्यांच्या स्वतःच्या दारापुढे मात्र लख्ख मोकळं. विचारलं तर म्हणाले, आपके दरवाजे पर खड़ी है तो समझिए आपकी ही है. हा माणूस सौजन्याने छळतो.
मी रेल्वेत बत्तीस वर्षं यार्डात डबे लावतोय. एक स्कूटर ती काय.

मंगळवार, ३ जुलै
सांगलीहून आप्पांचा फोन. पंधराला येतायत. गुडघे गेलेत, त्यामुळे गाडी थेट दारात येत असेल तरच म्हणे. मी म्हटलं, दारात म्हणजे दारातच. बावीसचं परतीचं तिकीट काढूनच येतायत. वडील चौऱ्याऐंशीचे, एकटे जेवतात. त्यांनी आता इथेच राहावं असं मला फार वाटतं. फोनवर बोललो नाही. आधी जागा, मग विषय.

गुरुवार, ५ जुलै
बोर्ड करायला टाकला. मजकूर स्वतःचा, शुद्ध हिंदीत: ‘यहाँ गाड़ी लगाने वालों को कड़ी शिक्षा दी जाएगी।’ शरदिनीला दाखवला नाही. बायकोचं माहेर अहिल्याबाई घाटाजवळ, जन्म इथला, पण हिंदी भाजीबाजारातलं. मला शाळेत हिंदीचं बक्षीस होतं.
पेंटरने विचारलं, किस क्लास तक? म्हटलं, सब क्लास, छोटा-बड़ा कोई भेद नहीं. फार प्रभावित झाला.

शनिवार, ७ जुलै
बोर्ड लागला. तासाभरात एक बाई स्कूटीवरून आल्या, मागे दोन मुलं. बोर्ड वाचला आणि स्कूटी बरोब्बर त्याच्याखाली लावली. वर मलाच विचारतात, टाइमिंग क्या है? म्हटलं, चौबीस घंटे. कड़ी है ना? म्हटलं, बहुत. अच्छा है, म्हणाल्या, छोटा वाला बड़ा ढीठ है.
धाक बसतोय. स्कूटी तेवढी हलली नाही.

सोमवार, ९ जुलै
अकरा गाड्या. सगळे आईबाप, सगळे नम्र. एकाने पेढे आणले. दहशत असावी.

बुधवार, ११ जुलै
शरदिनीने बोर्ड वाचला. आधी उभ्याने हसली, मग बसून हसली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण म्हणे. आपली शिक्षा ती त्यांची सज़ा. म्हणजे मी आमच्या सगळ्या नगवा मोहल्ल्याला कळवलंय की इथे गाडी लावा, कडक शिकवणी मिळेल.
पेंटरने सांगायला हवं होतं.
काढायला गेलो तर राहू दे म्हणाली. शाळेतून रिटायर झाल्यापासून तिला गणिताशिवाय करमत नाही. सात मुलं व्हरांड्यात बसवून अपूर्णांक सुरूसुद्धा केले. तात्पुरतं आहे. पंधरापर्यंत जागा मोकळी करून घेतो.

शनिवार, १४ जुलै
अडचण अशी: गाडी नेल्याशिवाय आप्पांना स्टेशनवरून आणता येत नाही आणि गाडी नेली की जागा जाते. उपाय सापडला. दोन खुर्च्या, एक बादली, मध्ये दोरी. यार्डाचा अनुभव वाया जात नाही.

रविवार, १५ जुलै. दुपार
खुर्च्यांवर पालक बसले होते. रविवारची ज्यादा तुकडी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकोणीस स्कूटर. गाडी कोपऱ्यावर अडकली. आप्पा आतच. मी हॉर्न वाजवत राहिलो. शेवटी तिवारी आले, आप्पांच्या पाया पडले, त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि पार आमच्या पायरीला टेकवून उतरवलं. मी बॅग घेऊन मागून चालत. लाज वाटली.

बुधवार, १८ जुलै
आप्पांनी संस्कृत घ्यायला सुरुवात केली. सांगलीत जन्मभर हेच शिकवलं. आवाज कोपऱ्यापर्यंत जातो. आज एक पोळी जास्त खाल्ली. विषय काढायला हवा. आधी जागा.

शुक्रवार, २० जुलै
विजय. पहाटे गाडी दारात आणली. आता हलवत नाही. ऑफिसला रिक्षाने गेलो.

रविवार, २२ जुलै
मी विषय काढायच्या आतच आप्पांनी तिकीट रद्द करायला सांगितलं. इथेच राहतो म्हणाले. डोळे भरून आले, खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मग म्हणाले, दारातलं ते तुझं धूड तेवढं काढ, मुलांच्या सायकलींना अडचण होते.
तिवारींनी नदीपलीकडे रामनगरला आपल्या मेव्हण्याच्या अंगणात सोय करून दिली. गाडी तिथे ठेवून नावेने परत आलो. फाटकासमोर तिवारींची स्कूटर. ती तिथेच राहणार, आप्पांना लागते.
संध्याकाळी आप्पा आणि तिवारी अस्सी घाटावर फिरायला निघाले. आप्पांनी मलाही विचारलं, येतोस का. स्कूटरवर जागा नव्हती.